राजीनाम्याचं पत्र अजून देऊ नका

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे बंधू नऊ वर्षं त्यांच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, गायनसंघ चालवत आहेत. काही महिन्यांपूर्वी संघात एक तरुण मुलगी आली. आवाज गोड, तयारी चांगली, आणि उपासना सुटली की लोक आता तिच्याभोवती जमतात. एका रविवारी गाताना तिचा सूर जरासा घसरला आणि या बंधूंना आतून बरं वाटलं. त्या बरं वाटण्यानंच ते हादरून गेले. तिनं एकदा त्यांची गीतांची वही मागितली होती. कुठलं गीत कुठल्या पट्टीत घ्यायचं, कुठे थांबायचं, याची नऊ वर्षांची टिपणं त्या वहीत आहेत. वही पिशवीतच होती, पण "आज घरी राहिली" असं त्यांनी तिला सांगितलं. आता त्यांना वाटतं की इतकी वर्षं केलेली सगळी सेवा स्वतःसाठीच होती. ऑफिसात बढतीसाठी अर्ज करायचा आहे, त्यावरही हात अडला आहे. ते विचारतात: ख्रिस्ती माणसाला महत्त्वाकांक्षा असावी का? मी देवाचं गौरव शोधतोय की माझं, हे कळणार कसं? आणि गायनसंघ सोडण्याचं पत्र लिहून तयार आहे, ते देऊ का?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तिथं घाई होण्याची भीती आहे. पत्र देऊ नका. निदान आज नको.

सत्तावीस वर्षं पाळकाचं काम करताना असे बरेच राजीनामे माझ्या हातात आले. एक मी स्वतःही लिहिला होता. त्यातल्या बहुतेकांच्या तळाशी एक वाक्य असतं, जे कागदावर कधी येत नाही: "बघू या, मला थांबवायला कोण येतं." राजीनामा दिला की मंडळीचे दोन वडील, म्हणजे जबाबदार ज्येष्ठ, घरी येतात, प्रार्थना होते, "तुमच्याशिवाय कोण आहे हो?" असं कुणीतरी म्हणतं, आणि ज्या भुकेपायी आपण पळून चाललो होतो तिलाच भरपेट जेवण मिळतं. कुणीच आलं नाही तर मग आयुष्यभर पुरेल असा रुसवा हाती लागतो. दोन्ही वाटांवर नजर स्वतःवरच राहते.

इस्राएलचा पहिला राजा शौल, त्याची गोष्ट यासाठी पुन्हा वाचा. राजा म्हणून त्याचं नाव निघालं तेव्हा तो सामानसुमानात लपून बसला होता (१ शमुवेल १०:२२). आपण म्हणतो, किती नम्र. पाच अध्याय पुढं जा. तोच शौल कर्मेलास स्वतःचं स्मारक उभारतो (१५:१२), आणि देवानं नाकारल्यावर शमुवेल संदेष्ट्याला विनवतो की निदान लोकांच्या वडिलांसमोर तरी माझा मान राख (१५:३०). लपणारा आणि स्मारक उभारणारा असे दोन शौल नव्हते. 'लोकांना मी कसा दिसतो' या एकाच काळजीनं तो एकदा सामानामागं गेला आणि एकदा दगड रचायला गेला. म्हणून मंचावरून खाली उतरलं की अहंकार मागेच राहतो, यावर माझा विश्वास नाही. तो आपल्याबरोबर शेवटच्या बाकावर येऊन बसतो आणि तिथून नवीन गायनसंघ कसा गातो याची टिपणं काढतो.

आता मूळ विषय. महत्त्वाकांक्षा पाप आहे का?

प्रेषित पौलाच्या पत्रांत या एकाच बाबतीत दोन वेगळे ग्रीक शब्द येतात, आणि ते नीट पाहिले की निम्मा गोंधळ मिटतो. पहिला 'एरिथेया'. मूळ शब्द रोजंदारीवर राबणाऱ्यासाठी होता. पुढं त्याला पद मिळवण्यासाठी माणसं हाताशी धरणं, गट बांधणं असा वास आला. ॲरिस्टॉटल राज्यकारभाराबद्दल लिहिताना तो याच अर्थानं वापरतो. नव्या करारात हा शब्द सात वेळा येतो आणि सातही वेळा वाईट अर्थानं. गलतीकरांस ५:२० मध्ये तो देहाच्या कर्मांच्या यादीत आहे, आणि याकोब ३:१६ मध्ये मत्सराला जोडून आहे. फिलिप्पैकरांस २:३ मध्ये आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, त्या जागी 'तट पाडणे' हे शब्द आहेत. काही नव्या भाषांतरांत 'स्वार्थ' आला आहे, तोही चूक नाही, पण मला जुना शब्द जास्त पटतो. स्वार्थ माणसाच्या पोटात राहतो, कुणाला दिसत नाही. तट दिसतात. मंडळीत कुणाची महत्त्वाकांक्षा नासली आहे हे ओळखायला त्याचं मन वाचावं लागत नाही. त्याच्याभोवती दोन गट पडलेत का एवढं पाहिलं तरी पुरतं.

दुसरा शब्द 'फिलोतिमेओमाय'. शब्दशः 'मानाची आवड धरणे'. ऐकायला हा पहिल्यापेक्षा वाईट वाटतो. पण पौल तो स्वतःसाठी वापरतो! जिथं ख्रिस्ताचं नाव पोहोचलं नाही तिथं सुवार्ता सांगायची ही त्याची हौस आहे (रोमकरांस १५:२०). प्रभूला संतोषवणं ही त्याची आकांक्षा आहे (२ करिंथकरांस ५:९). आणि थेस्सलनीकाच्या लोकांना तो सांगतो की शांतपणे राहण्याची, आपापला व्यवसाय करण्याची, स्वतःच्या हातांनी काम करण्याची हौस धरा (१ थेस्सलनीकाकरांस ४:११). शांत राहण्याची महत्त्वाकांक्षा! तरुणांच्या शिबिरात मी हे वचन घेतो तेव्हा मुलं हमखास हसतात.

तेव्हा पौलाची महत्त्वाकांक्षा कुठं गेली नव्हती. ख्रिस्ती लोकांना पकडायला दमिष्काच्या वाटेवर निघालेला तो तडफदार माणूस पुढं मिळमिळीत झाला असं कुठंही दिसत नाही. तीच तडफ, तोच हट्ट, फक्त आता हवं असलेलं काहीतरी निराळं होतं.

रोमकरांस दुसऱ्या अध्यायातली एक जागा मला फार बोलकी वाटते. सातव्या वचनात पौल म्हणतो की जे धीरानं सत्कर्मं करत गौरव, मान आणि अक्षयता शोधतात त्यांना सार्वकालिक जीवन मिळेल. लगेच आठव्या वचनात, जे 'एरिथेया'च्या वृत्तीचे आहेत त्यांच्यासाठी क्रोध. लागोपाठची दोन वचनं. म्हणजे गौरव हवं असणं हे दोन्हीकडं आहे. तुमच्या पोटातली ती 'शाबास' ऐकण्याची भूक देवानं घातलेली आहे. "शाबास, भल्या व विश्वासू दासा" हे शब्द ऐकायला मिळतील असं प्रभूनं स्वतःच सांगून ठेवलं आहे. दुखणं होतं ते ती भूक उपासनेनंतरच्या गर्दीत भागवायला गेलं की. योहान ५:४४ मध्ये येशू याहून कडक बोलतो: जे एकमेकांकडून प्रशंसा मिळवत राहतात त्यांना विश्वास ठेवणं जमणारच कसं? इथं अडलेलं आहे ते विश्वासाचं काम. याला स्वभावातला लहानसा दोष म्हणून सोडून देता येत नाही.

थोडं आपल्या भाषेबद्दल. 'गौरव' हा शब्द 'गुरु' म्हणजे जड, भारदस्त यावरून आला आहे. गंमत अशी की जुन्या करारात गौरवासाठी जो इब्री शब्द येतो, 'कावोद', त्याचंही मूळ जड असण्यातच आहे. आपणही म्हणतो ना, त्याच्या शब्दाला वजन आहे. देवाचं गौरव करणं म्हणजे देवाला त्याचं खरं वजन देणं. त्याचं वजन आपल्यानं वाढत नाही, पण आपल्या निर्णयांच्या तराजूत त्याला किती तोललं जातं हे आपल्या हाती असतं. आणि फिलिप्पैकरांसमध्ये तट पाडण्याच्या जोडीला जो दुसरा शब्द आहे तो काय? 'पोकळ डौल'. ग्रीकमध्येही तो 'पोकळ' आणि 'गौरव' असे दोन शब्द जोडूनच झाला आहे. वजन नाही, नुसता आकार.

फिलिप्पैकरांस हे पत्र ज्या गावाला गेलं ते गावही ध्यानात घ्या. फिलिप्पै ही रोमची वसाहत, इ.स.पू. ४२ च्या लढाईनंतर रोमी सैनिक तिथं वसवले गेले. तिथल्या उत्खननात असे शिलालेख सापडतात ज्यांत माणसानं आपण भूषवलेली पदं एकाखाली एक कोरून घेतली आहेत. अशा गावात पौल येशूची पदं लिहायला घेतो आणि यादी उलटी उतरते: देवाच्या स्वरूपाचा, मग दास, मग मनुष्य, मग मरण, आणि तेही वधस्तंभावरचं. त्यातही 'त्याने स्वतःला रिक्त केले' मधलं रिक्त आणि 'पोकळ डौल' मधलं पोकळ, हे मूळ भाषेत एकाच धातूचे शब्द आहेत. एक माणूस आतून पोकळ असून भरल्याचा आव आणतो. दुसरा भरलेला असून स्वतःला ओतून देतो. उंचावणं येतं ते शेवटी, आणि ते बापाच्या हातून येतं.

आता तुमचा मधला प्रश्न, जो खरा त्रास देतोय. ओळखायचं कसं?

इथं माझं मत अनेक चांगल्या उपदेशकांपेक्षा वेगळं आहे. ते सांगतात, आधी हेतू तपासा, शुद्ध असेल तरच पाऊल टाका. मी बरीच वर्षं तसंच सांगत होतो. आता सांगत नाही. मन खणत बसलं की तळ लागत नाही. उलट आणखी एक थर निघतो. "मी हे स्वतःसाठी करतोय" हे कळलं, म्हणून पश्चात्ताप केला, मग "मी किती प्रामाणिक" याचा अभिमान वाटला, मग त्याचाही पश्चात्ताप. या चक्रात अडकलेली चांगली माणसं मी पाहिली आहेत. ती काहीच करेनाशी होतात, आणि दिवसभर विचार मात्र स्वतःचाच.

हेतू भेसळीचे असतात आणि मरेपर्यंत भेसळीचेच राहतील. बाख हा संगीतकार आपल्या उपासना-संगीताच्या हस्तलिखितांच्या शेवटी 'देवालाच गौरव' या अर्थाच्या लॅटिन शब्दांची आद्याक्षरं लिहायचा. त्याच बाखनं १७३० साली एका जुन्या मित्राला पत्र लिहून नव्या नोकरीची शिफारस मागितली. त्यात तक्रार अशी की शहराची हवा गेल्या वर्षी इतकी चांगली राहिली की माणसं कमी मेली, आणि अंत्यविधींचं मानधन बुडालं! ती आद्याक्षरं खोटी होती का? मला नाही वाटत. एकाच हातानं दोन्ही लिहिलं. देवानं संगीत घेतलं.

पौल तर याच्याही पुढं जातो. फिलिप्पैकरांस पहिल्या अध्यायात, तो कैदेत असताना काही लोक मुद्दाम त्याला दुखवण्यासाठी, त्याच 'एरिथेया'च्या वृत्तीनं, ख्रिस्ताची घोषणा करतात. पौल काय म्हणतो? निमित्तानं असो की खरेपणानं, ख्रिस्त गाजवला जातो ना, यातच मला आनंद आहे. दुसऱ्याच्या वाईट हेतूबद्दल तो इतका मोकळा राहू शकला, कारण स्वतःचं नाव मागं पडलं तरी त्याचं काही अडत नव्हतं. तुमची नऊ वर्षं तुमच्या भेसळीमुळं वाया गेली असं म्हणणं म्हणजे देव फक्त शुद्ध भांड्यांतूनच पाणी वाढू शकतो असं म्हणणं.

मग काय तपासायचं? मन खणत बसणं सोडा, हात काय करतात ते पाहा. आणि ते नेमकं तेव्हा पाहा जेव्हा दुसऱ्याचं बरं होतंय.

माझीच एक गोष्ट सांगतो, फार जुनी नाही. माझ्याबरोबर सेवा करायला एक तरुण उपदेशक आला होता. त्याचा पहिला मोठा संदेश. मी पुढच्या बाकावर बसलो, शास्त्र उघडं, चेहऱ्यावर पाळकाला शोभेल असं स्मित. दहा मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की मी संदेश ऐकतच नाहीये. मी मान न वळवता डाव्या बाजूला किती जण डोळे पुसताहेत ते मोजत होतो. चार. मग मी घड्याळ पाहिलं आणि 'जास्त लांबला' असं मनात नोंदवलं, खरं तर तो माझ्या नेहमीच्या वेळेपेक्षा सात मिनिटं आधी संपला. बाहेर एका वयस्क बहिणीनं माझा हात धरून म्हटलं, "आज फार आशीर्वाद मिळाला, पाळकसाहेब." मी म्हटलं, "हो, छान बोलला. अजून थोडा अभ्यास वाढवला की झालं." ते वाक्य मी किती प्रेमळ आवाजात बोललो! त्या बहिणीच्या चेहऱ्यावरचा आनंद अर्धा उतरला, आणि मला ते दिसलं, आणि मी पुढच्या माणसाशी हस्तांदोलन केलं.

डोळे पुसणारे मोजले तेव्हा मला मोह होत होता. ते वाक्य बोललो ते पाप होतं. या दोघांत फरक आहे आणि तो तुमच्या कामाचा आहे. तिचा सूर घसरल्यावर बरं वाटलं, ते तुम्ही निवडलं नव्हतं. "वही घरी राहिली", हे निवडलं होतं.

पुन्हा शौल. स्त्रिया गात आल्या: शौलानं हजारो मारले, दावीदानं लाखो. शौलाला झोंबलं. आपल्याला कुणाला झोंबलं नसतं? मग वचन सांगतं की त्या दिवसापासून त्यानं दावीदावर वाकडी नजर धरली, आणि दुसऱ्या दिवशी भाला फेकला (१ शमुवेल १८:७-११). गीत आणि भाला यांच्या मध्ये एक रात्र होती. त्या रात्री शौलानं काय केलं हे शास्त्र सांगत नाही. ते गाणं त्याच्या डोक्यात वाजत राहिलं असावं असं मला वाटतं. तुम्ही त्या रात्रीत आहात. तुमचं झोंबणं कबूल करण्याइतके जागे आहात, म्हणून मला तुमची तेवढी काळजी वाटत नाही जेवढी तुम्हाला वाटते.

आणि त्याच अध्यायात, शौलाच्याच घरात, योनाथान आहे. गादीचा वारस तो. दावीद वर येणं म्हणजे त्याचं खाली जाणं, हे शौलानं त्याला पुढं ओरडून सांगितलंही. पण योनाथान अंगातला झगा काढून दावीदाला देतो, मग आपला पोशाख, तलवार, धनुष्य, कमरबंद (१८:४). एकेक वस्तू. त्याला आतून काय वाटत होतं याबद्दल, दावीदावर त्याचं जिवापाड प्रेम होतं याखेरीज, एक शब्दही नाही. दिलं काय, याची मात्र यादी आहे. पुढं रानात जाऊन तो दावीदाला म्हणतो, तू राजा होशील आणि मी तुझ्या खालोखाल असेन (२३:१७). तेही त्याला मिळालं नाही. तो गिलबोवाच्या डोंगरावर बापाबरोबर मेला.

येशूच्या बारा शिष्यांपैकी दोघे, जब्दीचे पुत्र, मात्र बरोबर उलटं मागत होते: तुझ्या गौरवात एकानं उजवीकडे, एकानं डावीकडे बसावं (मार्क १०:३७). येशूनं त्यांना 'मोठं व्हायची इच्छा टाका' असं सांगितलं नाही. ज्याला मोठा व्हायचंय त्यानं सेवक व्हावं, असं सांगितलं. म्हणजे शिडी ठेवली, पण उलटी लावली. बाकीचे दहा रागावले, ते काही नम्रतेपोटी नव्हे, आपला नंबर मागं गेला म्हणून. मार्क मग १५:२७ मध्ये पुन्हा तेच शब्द आणतो: एक उजवीकडे, एक डावीकडे. दोन लुटारू. येशूच्या गौरवाच्या शेजारच्या जागा त्या होत्या. 'तुम्ही काय मागता हे तुम्हाला समजत नाही' असं तो का म्हणाला ते तिथं कळतं.

एक इशारा. 'देवाच्या गौरवासाठी' हे शब्दच कधीकधी सगळ्यात चांगला बुरखा ठरतात. "माझं काही नाही हो, देवाच्या कामाचं नुकसान होतंय म्हणून बोलतोय", हे वाक्य बैठकीत ऐकलं की मी सावध होतो. मी स्वतः बोललो तर जास्त सावध होतो. दियत्रफेस, ज्याला पहिला मान हवा असायचा (३ योहान ९), तोही हेच म्हणत असणार. "मला मोठं व्हायचंय" असं तो मंडळीत उघड थोडंच बोलला असेल. देवाच्या गौरवाचा कळवळा आणि माझा फायदा दर वेळी एकाच दिशेला निघत असेल, तर काहीतरी शिजतंय.

गुपचूप सेवा करणारेही यातून सुटत नाहीत. पुष्कळ वर्षं शब्बाथ शाळेची सगळी मागची कामं करणाऱ्या एक भगिनी होत्या. कधी पुढं आल्या नाहीत. वार्षिक अहवालात एकदा आभाराच्या यादीतून त्यांचं नाव चुकून गळलं, आणि त्यानंतर दोन वर्षं त्या आमच्या कुणाशी धड बोलल्या नाहीत. मला त्यांचा राग आला नाही, ओळख पटली. यिर्मयाचा लेखनिक बारूख असाच असावा. दुसऱ्याचे शब्द लिहायचे, राजानं गुंडाळी कापून जाळली तर पुन्हा लिहायचे. तो कण्हून थकला होता. देव त्याला विचारतो, तू स्वतःसाठी मोठाल्या गोष्टी शोधतोस काय? शोधू नकोस (यिर्मया ४५:५). मग त्याला त्याच्या जिवाचं अभय देतो. देव झापतो आणि सांभाळतो, दोन्ही एकाच वचनात.

स्तुतीचं काय करायचं हेही लोक विचारतात. कुणी "छान गायलात" म्हटलं तर "धन्यवाद, बरं वाटलं" म्हणा आणि पुढं चला. "छे छे, मी कोण, सगळं प्रभूचं" असं म्हटलं की समोरच्याला पुन्हा एकदा स्तुती करावी लागते, आणि ती दुसरी जास्त गोड लागते. मत्तय सहाव्या अध्यायात दाखवण्यासाठी धर्म करणाऱ्यांबद्दल येशू म्हणतो, ते आपलं प्रतिफळ भरून पावले आहेत. ग्रीक शब्द त्या काळच्या व्यवहारातल्या पावत्यांवर सापडतो, आणि आपल्याकडेही 'भरून पावलो' हे पावतीचंच मराठी. हिशेब चुकता, बाकी काही नाही. म्हणून एखादी तरी सेवा अशी ठेवा जिची पावती कुठंच फाटत नाही. ती कुठली, हे मला कळवू नका.

बढतीचा अर्ज करा. त्यावर फार लिहायची गरज वाटत नाही. नहेम्यानं राजाकडून सुटी, पत्रं आणि लाकूड मागून घेतलं, सुभेदार झाला, आणि बारा वर्षं सुभेदाराचा भत्ता घेतला नाही, कारण लोकांवर आधीच ओझं होतं (नहेम्या ५:१४-१८). पद मिळाल्यावर त्याचं वजन कुणाच्या खांद्यावर पडतं, एवढं पाहा. आणि अर्जात किंवा मुलाखतीत दुसऱ्या उमेदवाराला खाली पाडणारं एखादं 'सहज' वाक्य जिभेवर आलं तर गिळा. मी ते बोललो होतो, वर सांगितलंच.

माझ्या त्या गोष्टीचं पुढं काय झालं ते राहिलं. बुधवारपर्यंत मला नीट झोप लागली नाही. मग मी त्या बहिणीच्या घरी गेलो आणि सांगितलं की त्या दिवशी मी जे बोललो ते हेव्यानं बोललो. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "कळलं होतं मला." हे ऐकणं कबुली देण्याहून जड गेलं. मग त्या तरुणाला फोन करून पुढचे दोन रविवार त्याला दिले. फोन ठेवताना मन काही हलकं झालं नव्हतं, झोंबतच होतं. त्या दुसऱ्या रविवारी संदेशाच्या मध्यावर केव्हातरी मी मोजायचं विसरलो. बस, इतकंच घडलं. पुढं कधी मोजलं नाही असं मी म्हणणार नाही.

तर तुमच्यासाठी. पत्र फाडू नका हवं तर, पण तीन महिने शास्त्रात कुठंतरी घालून ठेवा. गायनसंघ तुम्हीच चालवा. येत्या रविवारी दोन गीतं तिला चालवू द्या, तुम्ही मागे उभे राहून दुसरा आवाज धरा. तिचा सूर घसरला तर तुमचा आवाज तिला सावरायला तिथं असेल. "त्या दिवशी वही पिशवीतच होती, मी खोटं बोललो" हे तिला सांगा. स्पष्टीकरण देत बसू नका, ती लहान आहे, गोंधळेल. आणि वही द्या. झेरॉक्स काढून नव्हे, तीच वही, तुमच्या अक्षरातल्या टिपणांसकट. आपल्यासाठी हवी तर झेरॉक्स तुम्ही ठेवा.